दारूचा कारखाना

शनिवारी मृणाल फरीदाबादला वडिलांकडे गेली, तेव्हा गुणवंतराव टेबलावरच्या बाटलीकडे नातवंडाकडे बघावं तसे बघत बसले होते.

"बारा वर्षं पिंपात मुरलेली आहे. कंपनीनं आठवणीनं पाठवली. हिचं पिंप मी स्वतः भरलेलं," ते म्हणाले. "आपल्याकडच्या उन्हात निम्म्याहून जास्त उडून जाते गं. स्कॉटलंडवाले म्हणतात, तो देवदूतांचा वाटा. म्हणजे आमचे देवदूत अट्टल बेवडे!"

बाजरीच्या शेतांमधल्या त्या डिस्टिलरीत त्यांचा जन्म गेला होता. बार्लीला मोड कसे येतात, ओकच्या लाकडात दारूला रंग कसा चढतो, हे सांगायला लागले की त्यांना थांबवावं लागे.

"व्याह्यांना देऊ का ही?"

"बाबा, प्लीज."

"बरं बाई. आमचं काम गुप्त, नाही का!" ते हसले. मृणालला हसता आलं नाही.

लग्नाच्या बोलणीत त्यांनी सरळ सांगितलं होतं, "मी दारूच्या कारखान्यात असतो." नवऱ्याचे, म्हणजे नचिकेतचे वडील, विश्वासराव ऊर्फ अप्पा, केंद्र सरकारातले अधिकारी. त्यांनी दारूगोळाच ऐकला. "वा! म्हणजे देशसेवाच की!" बाबा खुलासा करणार, तोच मृणाल घाईनं म्हणाली होती, "त्यांना कामाबद्दल बोलता येत नाही, अप्पा. सिक्रेट असतं."

तेव्हापासून दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगरच्या तिच्या सासरी बाबा हवापाण्यावर बोलत. लग्नाला त्यांनी कारखान्यातल्या कुणालाही बोलावलं नाही. खरं तर अप्पा स्वतः शनिवारी दोन पेग घेत. त्या घरात पिणं चालत होतं. पण दारू करणारा व्याही चालणार नाही, हे मृणालनंच ठरवून टाकलं होतं.

रविवारी सकाळी बाबा उठलेच नाहीत.

शोकसभेला कारखान्यातली माणसं आली. कुणी बोलावलं नव्हतं. पेपरातली बातमी वाचून आली आणि मागच्या रांगेत बसली. त्यांच्यातला धवल बाबांच्या हाताखाली तयार झालेला. काहीतरी बोलायचं म्हणून खिशातून कागद काढून बसला होता.

आधी अप्पा उठले. "गुणवंतरावांनी देशासाठी दारूगोळा तयार केला, पण कधी तोंडातून एक शब्द काढला नाही. असा माणूस..."

मागच्या रांगेत चुळबुळ झाली. धवलनं मृणालकडे पाहिलं. ती काहीच बोलत नाही, असं बघून त्यानं कागद घडी करून खिशात घातला.

बाबांना मृणालनं गप्प केलं होतं; आता त्यांच्या माणसांनाही करत होती.

"अप्पा, थांबा."

नचिकेतनं तिचा हात धरला. तिनं तो सोडवून घेतला.

"दारूगोळा नाही, अप्पा. दारू. बाबा तुमच्याशी खरं तेच बोलले होते, खोटं मी बोलले. मला त्यांची लाज वाटायची." ती मागच्या रांगेकडे वळली. "माझे बाबा व्हिस्की करायचे. फार चांगली करायचे."