दुसऱ्या ओळीतला श्वास

गाताना चिमणीने पुन्हा तिथेच श्वास घेतला.

ताई खिडकी लावायला उठली, मग उघडीच बरी म्हणून अर्ध्यातून परत आली. सकाळपासून तिचं बूड एका जागी टेकत नव्हतं. परवा चिमणीची ऑपेराच्या शाळेची प्रवेशपरीक्षा. सतरा वर्षांची पोर, आवाज असा की शेजारी जिना पाय न वाजवता उतरायचे. आणि दुसऱ्या ओळीत एका शब्दाचे सरळ दोन तुकडे करून ती दम घेत होती. नापास करायला परीक्षकांना तेवढं पुरे होतं.

"तिथे कशाला घेतेस? दम तर उरलाय तुझा."

"बाईंनी तसंच शिकवलंय, ताई."

बाई म्हणजे ताईची आई. चाळीस वर्षं याच खोलीत तिने मुलांना गायला शिकवलं आणि दोन महिन्यांपूर्वी ती गेली. बाकीचे विद्यार्थी पांगले, चिमणी तेवढी राहिली. ताई कोरसमध्ये गाणारी. शिकवण्याचा अनुभव बेताचाच.

तिने गाण्याचं पान पाहिलं. श्वासाच्या जागा आई पेन्सिलीने दाखवायची. इथे खूण नव्हती. पोरगी थापा मारतेय, असं तिच्या अगदी ओठांवर आलं.

"लिहून नाही," चिमणी म्हणाली. "हात ठेवून."

मग ताईला उमगलं. विद्यार्थ्याला आई स्वतःच्या खालच्या बरगड्यांवर, पाठीकडून तळवे ठेवायला लावायची आणि गायची. श्वास किती खाली उतरतो, बरगड्या कशा रुंदावतात, गाताना त्या मिटू न देता कशा धरायच्या, हे हाताला कळायचं. या मेल्यांचे कान ऐकत नाहीत, म्हणून हातांना सांगते, असं म्हणायची. शेवटच्या वर्षी तिची फुप्फुसं आखडत चालली होती, तेव्हाही ती हेच गाणं शिकवत होती. चिमणीच्या हातांनी आजारी बाईंचा श्वास इमानेइतबारे उचलला होता.

ताई खुर्चीत बसली, लगेच उठली. आईचा चष्मा घरात होता, शाल होती, औषधांचा डबासुद्धा अजून तसाच होता. श्वास मात्र या पोरीपाशीच उरला होता, आणि तो परवापर्यंत काढून टाकायचा होता.

"ये इकडे. माझ्या पाठीवर हात ठेव."

ताई गायली. ओळ मध्यावर येण्याआधीच दम संपला.

"ताई," चिमणी चाचरत म्हणाली, "तुमच्या बरगड्या हलतच नाहीत."

ताईला हसू आलं. दोन महिन्यांत तिने बहुधा गळ्याखाली श्वास उतरूच दिला नव्हता. ती भिंतीला कपाळ टेकून उभी राहिली, डोळे पुसले, पुन्हा गायली. पुन्हा. चौथ्या वेळी पाठ रुंदावली, पाठीवरचे ते लहानसे हात बाजूला सरकले आणि सरकलेलेच राहिले, ओळ संपेपर्यंत.

"आता तू."

चिमणी गायला लागली. ती जागा आली, आणि पोरगी न थांबता पुढे निघून गेली.

तिथला श्वास ताईनेच घेतला, ऐकता ऐकता.