खाली झुकलेलं टोक

फाइल पहिली.

चिकलठाण्याच्या फाउंड्रीत हिमानी पंपाच्या पोकळीचा कोअर स्क्रीनवर उभा करत होती. कोअर म्हणजे रेतीचा गाभा. भोवती लोखंड ओतायचं, थिजलं की रेती फोडून काढायची. उरते ती पाण्याची वळणावळणाची वाट. दुष्काळामुळं बोअर खोल चालले होते, पंप पुरे पडत नव्हते.

मापं तिनं बद्रीनाथकाकांच्या कोअर बॉक्सवरून, गाभा घडवायच्या सागवानी साच्यावरून घेतली. काका दौलताबादचे, एकतीस वर्षं रंधा धरलेले. रेती मुठीत दाबून ओळखायला तिला त्यांनीच शिकवलं. तिला पोरी म्हणायचे.

बॉक्समध्ये कोअरचं लांब टोक दोन मिलिमीटर खाली झुकत होतं.

तिनं स्क्रीनवर ते सरळ केलं. अहवालात लिहिलं, बॉक्स सदोष. काका समोरच्याच शेडमध्ये होते, विचारलं नाही.

मालकांनी तो कागद सगळ्यांदेखत वाचला. काका म्हणाले, चुकलं असंल, नजर गेली आता. दुसऱ्या दिवसापासून आले नाहीत.

फाइल दुसरी. नाही, फाइल तीच. नग चाळीस.

चाळीसही वरून पातळ, खालून जाड. दाब दिला की वरच्या अंगानं पाझरायचे. वितळलेलं लोखंड रेतीचा गाभा वर उचलतं, हे तिनं परीक्षेत लिहिलं होतं. काकांचं टोक आधीच खाली असायचं, म्हणून उचललं की बरोबर मध्यावर यायचं.

रविवारी ती दौलताबादला गेली. काकांच्या बायकोनं, भागूबाईंनी, टँकरच्या पाण्यातलं अर्धा पेला पाणी पुढं ठेवलं. तिनं एका दमात सगळं सांगितलं, माफी मागितली, मालकांनी बोलावलंय म्हणाली.

काकांनी पेला तिच्याकडं सरकवला.

"पहिल्या साली लई नग फुटले, तवा खाली घेतलं होतं," ते म्हणाले. "का घेतलं, ते इसरूनच गेलो. हात आपसूक करायचा. तुम्ही लिहिलं, मला ते खरंच वाटलं."

"काका, या ना परत."

"त्या दिशी निघताना बॉक्स बी सरळ करून आलो मी, मॅडम. तुमच्या नकाशावानी." त्यांनी तळवे गुडघ्यांवर पालथे ठेवले. "आता लाकडावर हात ठेवला की थांबतो. इचारत बसतो. असा हात काय कामाचा?"

ती उठली तेव्हा ते दारापर्यंत आले, गाडी सुरू होईपर्यंत उभे राहिले. परतीच्या वाटेवर आटून भेगाळलेलं तळं लागलं, मग नव्या सोसायट्यांच्या पाट्या.

फाइल तिसरी.

टोक दोन मिलिमीटर खाली. सगळे नग पास. पुढच्या सोमवारी मालकांनी समोरच्या, काकांच्या शेडमध्ये नव्या यंत्रासाठी जागा मोजायला घेतली. टेपचं दुसरं टोक धरायला हिमानीला हाक मारली.