वरवंटा नाकाडोंगरीला गेला

मित्रांनो, आंधळगावात शकुनबाईंच्या न्हाणीजवळ जो काळा दगड आडवा पडलेला दिसतो, तो मी. मी एक जुना पाटा आहे. आता माझ्यावर कपडे आपटतात. माझ्या मधोमध एक खळगा आहे. तो कपड्यांनी पडलेला नाही.

आंबागडच्या एका पाथरवटाने एकाच दगडातून मला आणि वरवंट्याला घडवले. १९६१ साली आम्ही बैलगाडीतून शकुनबाईंच्या घरी आलो. त्या विधवा होत्या, मूलबाळ नव्हते. कुणाकडे बारसे असले की शेजारच्या सुलोचनाबाई वरवंटा मागून नेत. आमच्याकडे बाळाच्या आधी वरवंट्याला कुंची घालून पाळण्याखालून या हातातून त्या हातात देतात. तो गावातल्या बहुतेक पाळण्यांना जाऊन आला. आमच्या घरात मात्र पाळणा टांगला गेला नाही.

१९७४ च्या मार्गशीर्षात शकुनबाईंची धाकटी बहीण वारली. तिचा नवरा तुलाराम नाकाडोंगरीकडे मँगनीजच्या खाणीत कामाला होता. त्याने सहा वर्षांच्या कौतिकाला मावशीकडे आणून सोडले. ती फक्त कोरडा भात खाई, तोही चार घास. भाजीतले सांबाराचे, म्हणजे कोथिंबिरीचे, प्रत्येक पान उचलून ती ताटाच्या काठावर ओळीने लावून ठेवी. महिन्याभरात तिचा झगा खांद्यावरून घसरू लागला.

"एक दिवस उपाशी ठेव," सुलोचनाबाई म्हणाल्या. "आपोआप खाईल."

शकुनबाईंनी ठेवले. कौतिका उपाशी राहिली. रडल्या त्या शकुनबाई.

दुसऱ्या दिवशी शकुनबाईंचे बोट विळ्याने कापले. लाखोळीची डाळ भिजलेली होती आणि एका हाताने वरवंटा ओढवेना. त्यांनी कौतिकाला हाक मारली.

"इकडून धर व. जेवाले नाही बोलावून राहिली, कामाले बोलावून राहिली."

कौतिकाने दोन्ही हातांनी वरवंटा धरला. डाळ जाडीभरडी वाटली गेली. सांबार तिनेच तोडला, मीठही तिनेच टाकले, पसाभर. वडे तळून झाल्यावर शकुनबाईंनी एक खाल्ला आणि काही बोलल्या नाहीत. कौतिकाने अर्धा तोडून तोंडात घातला.

"मावशी, खारट झाला."

"झाला त झाला. उद्या मीठ कमी टाकजो."

उरलेला अर्धाही तिने खाल्ला. सांबाराचे पान बाजूला काढले नाही.

त्यानंतर ती रोज माझ्यासमोर बसू लागली. जवस, मिरच्या, ओले खोबरे, जे वाटी ते खाई. पुढे न वाटलेलेही खाऊ लागली. एकटीने ओढताना तिचा उजवा हात जड पडे, म्हणून वरवंटा त्या बाजूने थोडा झिजला. मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तोच काळ भरलेला होता.

१९७६ च्या उन्हाळ्यात तुलारामने दुसरे लग्न केले आणि मुलीला न्यायला आला. तो येणार हे कळल्यापासून दोन दिवस कौतिका पुन्हा ओळीने पाने लावत होती. शकुनबाईंनी ते पाहिले. निघायच्या सकाळी त्यांनी वरवंटा धुतला, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळला आणि तुलारामच्या थैलीत घातला.

"काहून व शकुन?" सुलोचनाबाई म्हणाल्या. "जोडीतला गोटा कोणी देते काय? अपशकुन होते."

"पाटा तिले तिकडं भेटंल. हात याले बसला हाये तिचा." मग शकुनबाई तुलारामकडे वळल्या. "नव्या बाईले सांगजा, पोरीले ताटावर बसवाच्या आधी चुलीपाशी बसवाची."

थैली जड होती. तुलाराम वाकडा चालत एस.टी.कडे गेला.

शकुनबाईंनी बाजारातून दुसरा वरवंटा आणला. तो माझ्या खळग्यात बसेना, डुगडुगे. चटणीत कचकच लागे. चौऱ्याऐंशी साली घरात मिक्सर आला आणि मला न्हाणीजवळ आणून टाकले. मिक्सरचे बटण दाबले की चटणी होते. त्याच्याजवळ कोणाला बसावे लागत नाही. इथे मला दुपारभर कुणाचा आवाज येत नाही.

अठ्ठ्याऐंशी साली शकुनबाई कौतिकाच्या मुलीच्या बारशाला गेल्या. परत आल्यावर माझ्यावर कपडे घासता घासता त्या सुलोचनाबाईंना सांगत होत्या.

"पाळण्याखालून आपलाच वरवंटा फिरवला. एका बाजूनं लय झिजला हाये."

"अन् आपली कौतिका?"

"चांगली गरगरीत झाली. मलेच वाढून राहिली होती, आणखी घे, आणखी घे म्हणून."

शकुनबाईंनी माझ्यावर पाणी ओतले. थोडे खळग्यात राहिले.

मित्रांनो, मला उचलून आत न्या, असे मी म्हणणार नाही. माझा जोडीदार येणार नाही आणि त्याच्यावाचून मी नुसता दगड आहे. एवढेच सांगतो. तुमच्या घरी एखादे लहान भावंड ताटावरून तोंड फिरवत असेल, तर त्याला रागावू नका. त्याला चुलीपाशी बोलवा, हातात काहीतरी द्या. मीठ जास्त पडले तरी गप्प राहून खा.