शेवटचे आठ मीटर

"थांबू का जरा?" मुकादमानं भिंतीला हात टेकत विचारलं.

"थांबा. घड्याळ थांबणार नाही," ती म्हणाली.

नियमच तसा होता. फुप्फुसाचा कॅन्सर कापून काढण्याआधी पेशंटला सहा मिनिटं चालवून बघायचं. हॉस्पिटलचा तीस मीटरचा व्हरांडा, दोन्ही टोकांना केशरी शंकू. चारशे मीटर भरले तरच सर्जन या माणसाला टेबलावर घेणार होते. व्यायाम घेणाऱ्या बाईनं, म्हणजे तिनं, फक्त ठरलेली वाक्यं बोलायची, तीही सपाट आवाजात. एरवी तिला हा नियम जड जायचा. आज तो तिच्या पथ्यावर पडला होता.

डाव्या हाताला करंगळी नसलेल्या या माणसाला तिनं पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. ती नऊ वर्षांची असताना बाबांचा डबा घेऊन दगड घासायच्या कारखान्यात गेली होती. हाच तिथला मुकादम, बाबांना नावानं हाक मारतच नसे. "ए खोकल्या!" म्हणून ओरडे. त्या दिवशी त्यानं जमिनीवर खडूनं रेघ ओढली. "पोतं घेऊन इथवर ये, न खोकता. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस." बाबा रेघेच्या चार पावलं अलीकडेच खाली बसले. सगळे हसले. त्यानंतर बाबा दोन वर्षं जगले, पण तिच्या नजरेला नजर त्यांनी कधी दिली नाही.

गेले दोन आठवडे तिनं मुकादमाला घाम फोडला होता. बाकीच्या पेशंटना ती म्हणायची, "काका, दमलात? बसा." याच्या वाट्याला 'काका' हा शब्दसुद्धा नाही. जिने चढायला लावले, फुप्फुसाच्या व्यायामाच्या यंत्रात श्वास ओढून नळीतले तिन्ही चेंडू वर जाईपर्यंत उठू दिलं नाही.

"बाई, कुठल्या जन्मीचं उट्टं काढताय?" तो हसून विचारायचा.

याच जन्मीचं, ती मनात म्हणायची. गंमत अशी, की तिच्या हाताखाली तोच सगळ्यांत जास्त सुधारला होता.

"वेळ संपली. आहात तिथंच थांबा."

त्याच्या बुटाशी तिनं चिकटपट्टीचा तुकडा लावला. तेरा फेऱ्या, वर दोन मीटर. तीनशे ब्याण्णव.

"आठ मीटरचं काय एवढं! चारशे लिहा ना. कोण बघतंय?"

"मी बघतेय."

"अहो, जिवाचा प्रश्न आहे. पाया पडतो तुमच्या." तो खरंच वाकला आणि वाकताच खोकल्याची उबळ आली. तिनं त्याला मनसोक्त खोकू दिलं. याच घटकेची तिनं तीस वर्षं वाट पाहिली होती, आणि तिला बरं वाटलं.

"खोकल्या आठवतो? दगडाच्या कारखान्यातला? तुम्ही खडूनं रेघ मारली होती. मी त्याची मुलगी."

त्यानं कपाळाला आठ्या घालून आठवायचा खरोखर प्रयत्न केला. "पोरी, तिथं सगळेच खोकायचे गं. कुणाकुणाला रेघ मारली, आता कसं आठवणार?"

तिनं जपून ठेवलेला सगळा राग, आणि याच्या खिजगणतीतही नाही! कागद तिच्यासमोर होता. 'सुधारणेची आशा नाही' एवढं लिहिलं, की हिशेब चुकता. सर्जननी तिच्या शब्दापलीकडे पाहिलं नसतं.

तिनं तीनशे ब्याण्णव लिहिलं. खाली दाबून लिहिलं, 'आणखी एक आठवडा द्या. होईल.'

मग तिनं बाबांचं नाव सांगितलं, पूर्ण. "म्हणा."

त्यानं म्हटलं.

"परत."

दुसऱ्यांदा म्हणताना त्याला धाप लागली. मान खाली गेली, ती वर आलीच नाही.

"उद्या साडेआठला या," ती म्हणाली.

तो खालमानेनंच निघून गेल्यावर झाडूवाल्या मावशी पट्टी खरवडायला वाकल्या.

"राहू द्या मावशी. उद्या त्याला ती दिसली पाहिजे."

तिनं भिंतीवरच्या फळ्यापाशी जाऊन खडू घेतला, पट्टीपासून आठ मीटर मोजले आणि गुडघे टेकून जमिनीवर रेघ ओढली.