गनीभाईंच्या जागी कोण?

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे. सागवानी. माझी पाठ मधोमध तडकली आहे आणि एका पायाखाली वीट सरकवलेली आहे. तरी घाबरू नका, बसा. अजून माणसाचं वजन मला पेलतं.

मी घडलो नेर गावातल्या एका जिनिंगच्या आवारात. कापसातली सरकी काढून रुई वेगळी करतात, तो हा कारखाना. तिथला माल उतरवायचा जुना फलाट मोडला, तेव्हा त्याच्या फळ्या जळणात जाणार होत्या. उकंडा सुताराने त्यातल्या धडक्या तेवढ्या निवडल्या, रंधा मारला आणि मला उभा केला. पाय एवढे जाड कशाला, असं कोणी विचारलं, तर तो म्हणाला, "अरे बाप्पा, याच्यावर बसून माणसं भांडतीन. भांडणाऱ्याचं वजन जास्त असते."

मला कारखान्यामागच्या मैदानाच्या कडेला, कडुनिंबाखाली नेऊन ठेवलं. संध्याकाळचा भोंगा झाला की कामगार अंगावरची रुई झटकत तिथे येत आणि फुटबॉल खेळत. नवयुवक क्लब म्हणत त्या संघाला. संघाचे मॅनेजर होते अब्दुल गनी. वेल्डिंगचं छोटं दुकान होतं त्यांचं. बैलगाडीचे आस जोडायचे, फवारणीचे पंप दुरुस्त करायचे आणि संध्याकाळी मैदानावर यायचे. तुम्हाला वाटेल, मॅनेजर म्हणजे कोटबीट घालून उभा राहणारा माणूस. गनीभाई फाटलेला चेंडू स्वतः शिवत. पोरांची भांडणं सोडवत. बाहेरगावी सामना असला की जीप ठरवत आणि स्वतः मागे लटकून जात. दोन्ही गोलचे लोखंडी खांबही त्यांनीच जोडून रोवले होते.

माझ्या डाव्या टोकाला रोज बसत ते मधुसूदनराव. तहसील कचेरीत कारकून होते, म्हणून सगळे त्यांना मधुबाबू म्हणत. ते स्वतः कधी चेंडूला पाय लावायचे नाहीत. पण त्यांच्याइतका फुटबॉल कोणी पाहिला नसेल. कचेरी सुटली की घरी न जाता सरळ इथे. सोबत पेपर. सामना सुरू व्हायच्या आधी ते तो मोठ्याने वाचून दाखवत. शेजारी देवीलाल बसायचा. तो जिनिंगमध्ये सरकी काढणाऱ्या यंत्रावर कामाला होता. वाचता येत असूनही तो मुद्दाम म्हणायचा, "वाचा मधुबाबू, तुमच्या तोंडून बातमी खरी वाटते."

एका वर्षी आपल्या क्लबने पुसदच्या स्पर्धेत ढाल जिंकली. रात्रभर प्रवास करून आलेल्या पोरांनी गनीभाईंना ओढत आणून माझ्यावर उभं केलं. पायातल्या चपला खाली काढून ते माझ्यावर चढले, हे मला आजही आठवतं. मधुबाबूंनी त्यांच्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि म्हणाले, "गनीभाई, तुम्ही आहात तोवर या क्लबला मरण नाही." मलाही तेव्हा तसंच वाटलं होतं.

मग कापसाचे दिवस फिरले. भाव पडले. खरेदी केंद्रं उशिरा उघडू लागली. बाजारापुढे भरलेल्या गाड्या मुक्काम करू लागल्या आणि बैल तिथेच रवंथ करत बसू लागले. पेपरात शेतकऱ्यांच्या मरणाच्या बातम्यांत आपल्या जिल्ह्याचं नाव रोज येऊ लागलं, पण कोणाला ते ऐकावंसं वाटेना. मधुबाबूंनी पहिलं पान वाचणं सोडून दिलं. ते थेट खेळाचं पान उघडत. जिनिंगचा हंगाम आखडत गेला आणि एका वर्षी फाटकाला कुलूप लागलं ते निघालंच नाही. भोंगा थांबला. देवीलाल आता दुपारपासूनच माझ्यावर येऊन बसू लागला. मी त्याला कधी काही विचारू शकलो नाही.

संघातली पोरं एकेक करून गेली. कोणी नागपूरला, कोणी सुरतेला, कोणी पुण्याकडे बांधकामावर. जाताना जो तो गनीभाईंना भेटून जाई. गनीभाई प्रत्येकाला म्हणत, "जा बेटा. दिवाळीले येशीन तं बूट घेऊन ये, मॅच ठेवू." दिवाळीला फार थोडे आले.

उरलेल्यांना घेऊन संघ हरू लागला. आणि मित्रांनो, हरू लागला तशी माझ्याभोवतीची गर्दी वाढली. कामं नव्हती, संध्याकाळ मोकळी होती. आधी कधी मैदानाकडे न फिरकलेली माणसंही येऊन सांगू लागली की गनीभाई कुठे चुकतात. म्हातारा झाला. जुन्या पद्धतीनं खेळवतो. या सगळ्यात मधुबाबूंचा आवाज मोठा होता, कारण त्यांच्या बोलण्याला मान होता.

मग मारेगावच्या संघाशी इथेच सामना झाला. खेळाडू पुरेनात, म्हणून गनीभाईंनी जीप चालवणाऱ्या पूनमसिंगला मागच्या फळीत उभं केलं. तो एकेकाळचा चांगला खेळाडू, पण आता पोट सुटलेला. तो पळू लागला की लोक हसत. गोलावर गोल होत गेले. हसणं थांबलं आणि ओरडणं सुरू झालं. तेव्हा मधुबाबू चपलांसकट माझ्यावर चढले. घसा ताणून ओरडले, "गनीभाई, पुरे झालं आता! हटा तुम्ही! दुसऱ्याला येऊ द्या!"

एकच ओरड, पण ती गर्दीने उचलली. "हटा! हटा!" असा गजर झाला. गनीभाई रेषेजवळ उभे होते. ते वळले. एवढ्या गर्दीत त्यांनी फक्त मधुबाबूंकडे पाहिलं. मधुबाबू नजर चुकवत माझ्यावरून खाली उतरले.

दुसऱ्या दिवशी गनीभाई सगळ्यांच्या आधी आले. कापडी पिशवी माझ्यावर ठेवली. तिच्यात चेंडू, हवा भरायचा पंप आणि शिट्टी होती. मधुबाबू आले तेव्हा ते उठले.

"येतो मधुबाबू."

"गनीभाई, कालचं मनावर घेऊ नका. बोलण्याच्या ओघात..."

"नाई घेतलं. टीम हारून राह्यली, तं जबाबदारी कोणाची? माझीच ना. पिशवी ठेवली हाये. नवा येईन त्याले द्या."

ते निंबाच्या सावलीतून निघून गेले. मधुबाबू देवीलालला म्हणाले, "बरं झालं. स्वतःहून गेले." पण त्या पिशवीला हात लावायला ते धजले नाहीत. ती तशीच माझ्यावर, दोघांच्या मध्ये पडून राहिली.

आता नवा मॅनेजर कोण, यावर चर्चा सुरू झाली. अशी चर्चा मी जन्मात ऐकली नव्हती. माणसं माझ्यावर मावेनात. काही पाठीवर बसत, काही जमिनीवर उकिडवी. माझी पाठ त्याच दिवसांत तडकली.

मधुबाबू म्हणत, "सलील सरांना आणा. कॉलेजात खेळ शिकवतात. डिप्लोमा केलाय त्यांनी."

देवीलाल उसळून म्हणे, "डिपलोमा काय गोल मारते का? पूनमसिंगले करा. त्यानं पुसदची ढाल आणली हाये."

"त्याला धावताना पाहिलंस ना परवा?"

"मॅनेजरले कायले धावा लागते? तुमी धावता का कचेरीत?"

सगळे हसले. मग कोणी म्हणालं, "नागपूरहून मोठा कोच बोलवा."

"नागपूरवाला इकडं कायले येईन?" देवीलाल म्हणाला. "इथले पोट्टेच तिकडं चाल्ले."

थोड्या वेळाने पुन्हा पहिल्यापासून वाद सुरू झाला. सलील सर की पूनमसिंग? दोन गट पडले. सलीलच्या गटातले लोक पूनमसिंगच्या जीपमध्ये बसेनात. देवीलाल उठून माझ्या दुसऱ्या टोकाला बसू लागला. मधुबाबूंकडे पाठ करून. आणि मैदानात? मैदानात दोन-चार पोरं चेंडूवाचून उभी राहत, कारण चेंडू पिशवीत होता आणि पिशवी कोणाच्या हाती द्यायची ते ठरत नव्हतं. कंटाळून तीही यायची थांबली. बाक भरलेला आणि मैदान रिकामं, असे ते दिवस होते.

अखेर सलील सरांचं नाव पक्कं झालं. सर आले. तरुण, नम्र माणूस. त्यांनी पिशवी उघडली, चेंडूत हवा भरली आणि शिट्टी वाजवली. सात जण आले. सर रोज आले, घरोघरी जाऊन विचारून आले. पुसदच्या स्पर्धेची तारीख जवळ आली तेव्हा ते मधुबाबूंजवळ येऊन बसले.

"काका, अकरा तरी लागतात."

"जमतील. थोडा धीर धरा."

"कुठून जमतील?" सरांनी हळूच विचारलं. मधुबाबूंनी पेपरचं खेळाचं पान उघडलं.

त्या वर्षी पुसदला आपला संघ गेलाच नाही. सरांना अमरावतीला नोकरी मिळाली. जाताना त्यांनी पिशवी मधुबाबूंच्या हातात दिली. पूनमसिंगला विचारावं, तर तो जीप घेऊन केव्हाच नागपूरला गेलेला.

गर्दी पांगली. मधुबाबू मात्र ती पिशवी घेऊन येत. देवीलालही येई. भांडायला काही उरलं नव्हतं, म्हणून दोघं पुन्हा जवळ बसू लागले.

एका दुपारी मैदानाच्या कडेला सामानाने भरलेला टेम्पो थांबला. गनीभाई उतरले. शेती खचली तसं दुकानही बसलं होतं. ते मुलीकडे, नसरीनकडे, नागपूरला निघाले होते. मधुबाबू गडबडीने उठले.

"कोण झालं मंग मॅनेजर?" गनीभाईंनी विचारलं.

"चर्चा... चर्चा चालू आहे."

"घाई नोका करू. चांगला पाहा." एवढं बोलून ते गोलच्या खांबाकडे चालत गेले आणि त्याला हात लावून उभे राहिले.

तेवढ्यात टेम्पोतून त्यांची बायको अनवरी उतरली. ती कधी मैदानावर आली नव्हती. पदर सावरत ती मधुबाबूंसमोर येऊन उभी राहिली.

"भाईसाब, एक विचारू? इतकी वर्सं हे सांजचे इथंच राह्यले. हारून आले तरी घरी हसत येत. त्या दिवशी आले अन् भिंतीकडं तोंड करून निजले. जेवले नाई. तुमच्याजवळ दुसरा कोणी होता का, यांच्या जागी बसवाले?"

"नव्हता, भाभी."

"मंग हटा काहून म्हटलं?"

मधुबाबूंनी बंद कारखान्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "जिनिंग बंद पडली. पोरं गेली. भाव पडला. कोणाला हटा म्हणावं, ते समजत नव्हतं, भाभी. गनीभाई तेवढे समोर उभे होते."

अनवरीने मान खाली घातली. देवीलाल खांद्यावरच्या दुपट्ट्याने तोंड पुसू लागला.

मधुबाबू पिशवी घेऊन गोलच्या खांबाकडे गेले. तिथे काय बोलणं झालं, ते मला ऐकू आलं नाही. मधुबाबूंनी हात जोडलेले दिसले. गनीभाईंनी ते हात धरून खाली केले. पिशवी पुढे केली, तेव्हा मात्र त्यांनी मान हलवली. ती घेतली नाही. टेम्पो गेला आणि धूळ बसेपर्यंत मधुबाबू तिथेच उभे राहिले.

पुढच्या उन्हाळ्यात नागपूरहून निरोप आला. गनीभाई गेले होते. मधुबाबू आणि देवीलाल पहिल्या बसने निघाले, पण पोचेपर्यंत माती होऊन गेली होती.

मग मैदानही विकलं गेलं. प्लॉट पडले, चुन्याच्या रेघा मारल्या गेल्या, पण त्या खेळाच्या नव्हत्या. गोलचे खांब कापून भंगारात गेले. मीही गेलो असतो. पण देवीलालने मला हातगाडीवर घातलं आणि बसस्थानकाच्या भिंतीशी आणून ठेवलं. तेव्हापासून मी इथे आहे. त्यालाही आता बरीच वर्षं झाली. देवीलाल आज नाही.

हल्ली माझ्यावर कॉलेजची मुलं बसतात. हातात मोबाईल असतो. सातासमुद्रापलीकडच्या कुठल्यातरी क्लबवरून ती तावातावाने भांडतात. पुढचा मॅनेजर कोण, हाच वाद. "हाकला ना त्या बुढ्याले! काहीच समजत नाई त्याले," परवा एक जण ओरडला. त्याच्या शेजारी एक फार म्हातारे गृहस्थ अमरावतीच्या बसची वाट पाहत होते. काठी दोन्ही हातांत धरलेली. मी त्यांना बसताक्षणी ओळखलं होतं.

"त्याच्या जागी कोण येणार आहे?" मधुबाबूंनी त्या मुलाला विचारलं.

"कोणीही चालन आजोबा, पण हा नोको." मग हसून त्याने विचारलं, "तुमाले समजते का फुटबॉल?"

मधुबाबूंनी जरा विचार केला. "नाही बाळा," ते म्हणाले. "वाटलं होतं, समजतो. पण नाही समजला."

बस लागली. मुलांनी त्यांना हात देऊन उठवलं, वर चढवलं, आणि परत येऊन भांडायला बसली.

मित्रांनो, माझ्यावर नावं कोरू नका, पानाच्या पिचकाऱ्या मारू नका, एवढं तर मी सांगणारच. म्हातारपणी अंग दुखतं. पण त्याहून मोठं मागणं एक आहे. तुम्ही खुशाल भांडा. उकंडाने माझे पाय त्यासाठीच जाड ठेवलेत. फक्त ज्याच्यावर ओरडायचं असेल, त्याला आधी बोलवा आणि शेजारी बसवा. तडकलो असलो तरी दोन माणसांपुरती जागा अजून माझ्यावर आहे.