हद्द आखणारा शब्द

जमीन मोजणीच्या खात्यातून निवृत्त होऊन महिनाही झाला नव्हता, तोच बायकोने मोजणीदारांना बजावलं की घरात बसून माझ्या डोक्यावर मिरे वाटण्यापेक्षा मावशीकडे जा. तिची ही सख्खी मावशी एकोणऐंशी वर्षांची. चाळीस वर्षं बायबलची ग्रीक शिकवता शिकवता त्यांनी एकहाती कोश रचला होता. आता छपाईआधीची पानं तपासायची, तर नजरेने दगा दिला.

मोजणीदारांना ग्रीकचा गंधही नव्हता. पण दोन महिने अक्षरं गिरवून ते अडखळत वाचून दाखवू लागले. मावशी डोळे मिटून ऐकत.

एका सकाळी 'प्रोओरिझो' आला. मावशींनी फोड करून सांगितली: 'प्रो' म्हणजे आधी, 'होरोस' म्हणजे हद्द. नव्या करारात हे क्रियापद सहाच वेळा येतं. चारदा 'प्रोओरिसेन', आधी ठरवलं. एकदा 'प्रोओरिसास', आधी ठरवून. एकदा 'प्रोओरिस्थेन्तेस', आधी ठरवले गेलेले. ठरवणं सगळीकडे देवाकडचंच. पानावर अर्थ होता, 'आधीच ठरवून टाकणे'.

मोजणीदार थबकले. जन्मभर त्यांनी हद्दीचेच दगड रोवले होते.

"मावशी, राग मानू नका," ते म्हणाले. "आम्ही हद्द आखायचो ती कुणाच्या तरी पदरात जमीन पडावी म्हणून. 'ठरवून टाकलं' म्हटलं की दार लावून घेतल्यासारखं वाटतं."

लहान तोंडी मोठा घास घेतला, असं मोजणीदारांना वाटून गेलं. पण मावशींनी सहाही वाक्यं पुन्हा वाचायला लावली. दत्तक लेकरं होण्यासाठी, गौरवासाठी, पुत्रासारखं होण्यासाठी... दुपार कलली.

"जावईबापू, चार ठिकाणी तुमचा दगड बसतोय, दोन ठिकाणी नाही; तिथे कुणाच्या पदरात काय पडणार ते सांगितलेलंच नाही. 'आखून ठेवणे' पहिला अर्थ लिहा. माझा दुसरा राहू दे."

मग त्यांनी स्वतः छापखान्यात फोन केला. मालकाने कुरकुर केली, तरी पान नव्याने जुळवायला लावलं. नकाशावर शिक्का बसल्यावर हद्दीची वाकडी रेघ सरळ न करणारे साहेब मोजणीदारांनी ढिगाने पाहिले होते.

घरी येऊन ते बायकोला म्हणाले, "तुझ्या मावशीने चाळीस वर्षांचं लिहिलेलं माझ्या एका बोलण्यावर बदललं."

"त्यात काय नवल," ती भाजी चिरता चिरता म्हणाली. "मी सहा वर्षांची होते, तेव्हा माझंही असंच ऐकून घ्यायची."