सातवीच्या आधीचा उन्हाळा

झिबेकने उत्तराखाली रेघ ओढली ती आगपेटीच्या कडेने. पेटी अंगठ्याने घट्ट दाबायची आणि पेन्सिल कडेपासून केसभर अंतरावरून न्यायची, म्हणजे शिसं पेटीला लागत नाही आणि रेघ कुठे जाड, कुठे बारीक होत नाही. समोर सफरचंदं चिरत बसलेल्या रायखानची सुरी थांबली. शहरातल्या प्रयोगशाळेत, हाताशी चांगल्या पट्ट्या असतानाही, रायखान स्वतः अजून अशीच रेघ ओढायची आणि बरोबरची पोरं हसायची.

पण सुरी रेघेमुळे थांबली नव्हती. रेघेच्या वर लिहिलं होतं: पन्नास.

गणित सोपं होतं. ट्रक निम्मा रस्ता ताशी चाळीस किलोमीटरने गेला आणि उरलेला निम्मा साठने, तर सरासरी वेग किती? म्हातारे ओरिनबाय खिडकीबाहेर पाहत म्हणाले होते, "चाळीस आणि साठ. म्हणजे पन्नास. लिही." झिबेकची पेन्सिल कागदावर टेकली, उचलली गेली, पुन्हा टेकली. मग तिने सांगितलं तेच लिहिलं.

"शाब्बास," ओरिनबाय म्हणाले. "जा, कुआनिशला पाणी देऊन ये. मोटारीखाली पडून वाळला असेल."

"आके, त्यांची मोटार दर वेळी इथेच कशी बिघडते?"

"शहाण्यांच्या मोटारी अशाच असतात. जा."

मुलगी उड्या मारत अंगणात गेली. कुआनिश तिचा जन्मदाता, रायखानचा नवरा आणि ओरिनबायचा एकुलता एक मुलगा. बापासमोर आपल्या पोटच्या पोरीशी काय बोलावं हे त्याला कधीच उमगलं नाही, म्हणून अल्माटीहून गावी आला की तो मोटारीखाली शिरायचा. पहिलं मूल आजी-आजोबांचं, हे या भागात कुणी कुणाला समजावून सांगत नाही. झिबेक चाळीस दिवसांची झाली तेव्हा रायखानने तिला सासूच्या, बातिमाच्या, हातात दिलं. तेव्हापासून मुलगी म्हाताऱ्यांना आपा आणि आके म्हणते, म्हणजे आई आणि बाप. आणि रायखानला रायखान ताते, थोरल्या बहिणीला म्हणावं तसं.

दिलेलं मूल परत मागायचं नसतं. रायखानने मागितलंही नव्हतं. गेल्या उन्हाळ्यात फक्त तिची जीभ घसरली. शहरातल्या लिसेयमची, गणितातल्या निवडक मुलांच्या शाळेची, परीक्षा झिबेकने सहज म्हणून दिली होती, त्या आनंदात जेवताना रायखान बोलून गेली, "माझी मुलगी पहिल्या पाचांत आली." बातिमा उठली, चहाच्या पाण्याचा समोवार उचलला आणि बाहेर गेली. नंतर हिवाळाभर रायखानचा फोन आला की ती दुसऱ्याच कुणाच्या हातात द्यायची.

यंदा झिबेकने परीक्षा पुन्हा दिली आणि पुन्हा पास झाली. लिसेयमवाले सातवीनंतर कुणाला घेत नाहीत. मॉस्कोच्या विद्यापीठाची तयारी तिथे सातवीपासूनच सुरू होते. दहावीत जागे होणाऱ्यांचं काय होतं ते रायखानने शेजारच्या मुलांत पाहिलं होतं. जागा सोमवारपर्यंत राखून ठेवली होती. आज शनिवार. ओरिनबाय वसंतापासून "पाहू" म्हणत होते.

रायखान सफरचंदाच्या बिया वेगळ्या करत राहिली. हेच स्वयंपाकघर, हाच चुलीचा कोपरा. सहावीत असताना तिचे वडील तिला घोड्यावरून इथे आणून सोडायचे आणि मेंढ्यांकडे परत जायचे. तेव्हा ओरिनबाय सासरे नव्हते, नुसते आगाय, शाळेतले भौतिकशास्त्राचे मास्तर; आजही ती त्यांना आगायच म्हणायची. मॉस्कोहून, टपालाने शिकवणाऱ्या शाळेकडून, गणितांचे गठ्ठे यायचे. सोडवून पाठवले की दोन महिन्यांनी लाल शाईने तपासून परत यायचे, आणि कुठल्या तरी अनोळखी तपासनिसाने समासात "सुंदर" असं लिहिलेलं असलं की आगाय ते पान सगळ्या वर्गाला दाखवत फिरायचे. बाहेर बर्फ, आत ओल्या लोकरीचा वास, आणि बातिमा आपा कढईत पिठाच्या गोळ्यांचे बाउर्साक तळत असायच्या. घरचा नियम एकच होता. आगाय चुकले तर तोंडावर सांगायचं. सांगणाऱ्याला जर्दाळूच्या मुरंब्याचा चमचा मिळायचा. पहिल्यांदा "आगाय, तुमचं चिन्ह चुकलं" म्हणताना रायखानने डोळे वहीतून वर उचलले नव्हते. आगायनी चिन्ह दुरुस्त केलं आणि मग ते इतके खूश झाले, की बातिमा म्हणाल्या, "याला कुणी मूर्ख म्हटलं की कसा फुलतो बघा."

त्या मुरंब्याच्या जोरावर ती मॉस्कोच्या विद्यापीठापर्यंत गेली होती.

ओरिनबाय काठी घेऊन बागेकडे निघाले. रायखानने सुरी ठेवली आणि त्यांच्या मागे गेली.

"पन्नास नाही, हळू जाताना वेळ जास्त जातो. अठ्ठेचाळीस," ती म्हणाली.

"अठ्ठेचाळीसच," ते वळले नाहीत. "तुला वाटलं, म्हातारा कामातून गेला."

"नाही, आगाय."

"तुला खोटं बोलता येत नाही, रायखान. कधीच आलं नाही. झिबेकला येतं."

ते एका झाडाला टेकून उभे राहिले. श्वास लागला होता.

"मार्चमध्ये एकदा चुकलो. खरंच चुकलो, वय झालं. तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं, तिला बरोबर उत्तर आलंय. माझ्याकडे पाहिलं, आणि मी सांगितलं ते लिहिलं. म्हटलं, लक्ष नसेल. म्हणून पुढच्या आठवड्यात मुद्दाम चुकलो. मग पुन्हा. दर वेळी पेन्सिल अडते, आणि दर वेळी ती खाली छान रेघ ओढते."

"तुमचं मन राखते ती."

"राखते ना." त्यांनी काठीने एक पडलेलं सफरचंद बाजूला केलं. "एवढ्या वर्षांत मी पोरांना खूप काही शिकवलं. हे नव्हतं शिकवलं."

कुंपणापलीकडे झिबेक मोटारीशेजारी उकिडवी बसून पाने-पकडी देत होती, आणि मोटारीखालून कुआनिशचा हसण्याचा आवाज येत होता.

"मला वाटायचं, अजून एक वर्ष शिकवण्यासारखं आहे माझ्याजवळ," ओरिनबाय म्हणाले. "तेवढ्यासाठी तिला अडवून धरली."

"तिला पाठवायचं हे आपांना सांगितलंत?"

"रोज सांगायला जातो आणि हवेपाण्यावर बोलून परत येतो. तिच्याकडून कसं काढून घेऊ? एवढी मोठी झाली तरी तिच्यासाठी अजून तान्हं मूलच आहे ते."

चहाला सगळे अंगणातल्या चौथऱ्यावर बसले. कुआनिश हात धुऊन आला तरी त्याच्या कानाला काळं तेल लागलेलं होतं.

"ये बाबा," बातिमा म्हणाली. "पोटदुखी थांबली का तुझ्या मोटारीची?"

"थांबेल, आपा."

"थांबेलच. निघायच्या दिवशी नेहमी थांबते."

झिबेक खुदकन हसली आणि सवयीने बातिमाच्या गुडघ्याला टेकली. बातिमाने दूध घालून चहा ओतला, थोडा थोडा, पुन्हा मागता यावा असा. पियाले हातोहात फिरले. ओरिनबायनी घसा खाकरला. रायखान मांडीवरच्या हातांकडे बघत राहिली.

"यंदा," ते म्हणाले, "यंदा सफरचंदांना कीड कमी आहे."

"हो," कुआनिश म्हणाला.

"गेल्या वर्षीपेक्षा बरीच कमी."

बातिमाने समोवारची तोटी बंद केली. ओरिनबायकडे तिने बराच वेळ पाहिलं. ते पियाल्यात बघत होते. तिचा हात झिबेकच्या वेणीवर होता. सैल झालेलं टोक तिने सोडवलं, तीन पदर सारखे केले, पुन्हा विणलं आणि रबर दोनदा गुंडाळून घट्ट बसवलं.

"सफरचंदं राहू देत," ती म्हणाली. मग मुलीचा खांदा धरून तिला आपल्या गुडघ्यापासून जरा दूर, सरळ बसवलं. "झिबेक, तू लिसेयमला जायचं. उद्या तुझ्या आईबरोबर निघ."